शेवरवाडीच्या भेगा

आमच्या खाणीच्या वस्तीत समुद्र पाहून आलेली बाई मी एकटीच. चांद्याला परतल्यापासून दुपारची कामं आवरली की कुणी ना कुणी येऊन बसते आणि विचारते, समुद्र दिसतो तरी कसा? माशांच्या वासानं जेवण जातं का? मी सुरुवात समुद्रापासूनच करते, पण थोड्याच वेळात बोलणं शेवरवाडीच्या अंगणाशी येऊन थांबतं आणि समुद्र बाजूला राहतो. परवा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, तुम्ही नक्की रत्नागिरीला गेला होतात की दुसऱ्या एखाद्या खाणीत? म्हणून सगळं एकदा क्रमानं लिहून काढते आहे.

हे इथल्या कोळशाच्या खाणीवर सर्व्हेअर आहेत. खालचा कोळसा काढून घेतला की वरची जमीन आज ना उद्या बसते. बसण्याआधी तिला भेगा पडतात. त्या भेगांवर नजर ठेवायची आणि कोणती जागा माणसांनी सोडायची ते वेळेवर सांगायचं, हे यांचं काम. आम्हांला मूलबाळ नाही. घरात एकटीनं बसून काय करायचं म्हणून मी वर्षानुवर्षं टेपचं दुसरं टोक धरून यांच्यामागे माळावर हिंडले आहे. साक्षी कशा लावायच्या तेही शिकले. साक्ष म्हणजे काचेची पातळ पट्टी. ती भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं चुन्यात पक्की बसवायची. जमीन केसभर हलली तरी काच तडकते.

रत्नागिरीच्या बाजूला मुंबईच्या एका शेठजींनी कोळसा काढायला सुरुवात केली आहे आणि गावातली जमीन भेगाळली आहे, एक माणूस पाठवा, असा निरोप आमच्या साहेबांकडे आला. रत्नागिरीत कोळसा म्हणजे मला थट्टाच वाटली. पण हे म्हणाले, तिकडे जांभ्या दगडाखालच्या चिकणमातीत तपकिरी, कच्चा कोळसा सापडतो, विहिरी खणताना लोकांना लागतो, कौलांच्या भट्ट्यांना तो चालतो. दिवाळी नुकतीच झाली होती. मी समुद्र पाहायला म्हणून बरोबर निघाले.

बंदरावर

मुंबईहून आगबोटीत बसल्यावर समुद्र पाहण्याची माझी हौस पहिल्या काही तासांतच फिटली. डेकवर बायका, ट्रंका, कोंबड्यांच्या डालग्या आणि त्यांत मी, डोकं गुडघ्यांत घालून बसलेली. शेजारच्या एका गोऱ्या, नाकात मोठी नथ घातलेल्या बाईंनी माझ्या हातात लिंबाची फोड ठेवली आणि किनाऱ्याकडे बघू नको, आपल्या पायांकडे बघ, असं सांगितलं. त्या दापोलीकडच्या होत्या आणि बोटीत जन्मल्यासारख्या स्वस्थ बसून आवळ्याची सुपारी चघळत होत्या.

रत्नागिरीला बोट धक्क्याला लागत नाही. ती लांब पाण्यात उभी राहते आणि लोकांना न्यायला पडाव येतात. पडाव लाटेबरोबर वर आला की खलाशी माणसाचे दंड धरतात आणि पोतं उचलावं तसं आत घेतात. मला कसं घेतलं ते कळलंही नाही. हे मात्र छातीशी काचेच्या पट्ट्यांची पेटी घेऊन उभे होते आणि ती कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हते. खलाशी ओरडत होता, पेटी टाका, आधी पेटी टाका. यांनी पेटीसकट उडी मारली, त्याच क्षणी पडाव खाली गेला आणि यांचा पाय फळीच्या कडेवर वाकडा पडला.

पेटीतली एकही पट्टी फुटली नाही. पायाचं हाड मात्र मोडलं.

गावातल्या डॉक्टरांनी पाय कामट्यांत बांधला आणि महिनाभर जमिनीला टेकवायचा नाही म्हणून बजावलं. मला वाटलं, आता परतीच्याच बोटीनं जायचं. पण शेठजींच्या खाणीची बैलगाडी दारात उभी होती. हे गाडीवानाला भेगांबद्दल खोदून खोदून विचारत होते. तो म्हणाला, एका घराच्या अंगणातून चिरणी गेली आहे, रोज शेणानं लिंपतात आणि सकाळी परत उघडते. ते ऐकून यांनी गाडीत पेंढा अंथरायला सांगितलं. "मला पडून राहायचंय ते तिथं पडेन," एवढंच मला म्हणाले.

सड्यापलीकडे

गाव सोडून गाडी चढाला लागली आणि वर सडा सुरू झाला. आमच्या चांद्याकडचा माळ काळ्या मातीचा. इथे नजर पोचेल तिथवर काळपट, खडबडीत कातळ, त्याच्या खळग्यांत वाळून पिवळं झालेलं गवत, आणि दूर पश्चिमेला समुद्राची एक पट्टी. झाड नाही, घर नाही. सड्याची कड आली की मात्र पायाखाली एकदम हिरवं दिसतं: नारळी, पोफळी, फणस, आंब्याची कलमं, त्यांत लाल चिऱ्यांची आणि मातीच्या भिंतींची घरं, आणि तळाशी पऱ्या, म्हणजे ओढा. शेवरवाडी अशी उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बसलेली होती. पऱ्याच्या काठाशी डोंगराच्या पोटात काळं चौकोनी भोक दिसत होतं. ते खाणीचं तोंड.

पऱ्यापलीकडे खडकावर खाणीचा लहानसा बंगला होता. त्यात एका बाजूला मॅनेजर पालकर राहत आणि दुसरी खोली आम्हांला दिली. पालकर सभ्य आणि काळजीनं वाळलेले गृहस्थ होते. यांचा पाय पाहून त्यांना आधी हायसं वाटलं असावं, कारण ते म्हणाले, आता तुम्ही विश्रांतीच घ्या, घाई काहीच नाही. हे म्हणाले, मापं ही घेईल. पालकरांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय जेवणावर नेला.

जेवायला उकड्या तांदळाचा भात, कुळथाचं पिठलं आणि वाटीत गुलाबी रंगाचं काहीतरी. मला ते गोड सरबत वाटलं. मोठा घोट घेतला तर आंबट, तिखट आणि लसणाचं. ती सोलकढी. दोन्ही वेळा भातच भात पाहून मला ज्वारीच्या भाकरीची आठवण यायची, पण सोलकढीची मला इतकी सवय लागली की येताना आमसुलांची पुरचुंडी बांधून आणली आहे.

साक्षी

ते घर जनाकाकीचं. विधवा, हाडापेरानं बारीक, आवाज मात्र पऱ्यापलीकडे ऐकू जाणारा. मुलगा महादू खाणीत कामाला. वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला गिरण्यांत; खाण निघाली म्हणून महादू तेवढा घरी राहिला होता. सून तारा नुकतीच बाळंत झालेली, मागच्या खोलीत. तिला आता आई नव्हती, म्हणून देवरूखकडचं माहेर असूनही बाळंतपण सासरीच झालं होतं. मुलगी झाली होती.

भेग अंगणाच्या कडेनं सुरू होऊन पडवीच्या पायरीखाली शिरत होती. दुसरी गोठ्यामागून येत होती. दिसायला दोऱ्याएवढी, पण मी गवताची काडी आत सोडली तर ती दिसेनाशी झाली. मी बाहेरच्या साक्षी लावल्या. उरली ती मागची खोली. दोन्ही भेगांचा रोख तिकडेच होता, आणि आतल्या भिंतीवर साक्ष लावल्याशिवाय काही सांगता आलं नसतं.

जनाकाकीनं दारात मला थांबवलं आणि मुलं किती म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. तिचा चेहरा बदलला नाही, पण तिनं दार पुढे ओढून घेतलं आणि म्हणाली, बाळंतीण निजली हाय, आज नको. वांझ बाईची सावली बाळंतिणीवर पडू नये, हे आमच्याकडेही मानतात. मला ते नवीन नव्हतं. मी पेटी उचलली आणि पऱ्या ओलांडून परत आले.

दुसऱ्या दिवशी मी पडवीत गेले तेव्हा खोलीच्या उंबऱ्यावरच नवी चीर उमटलेली होती. जनाकाकी तिच्यापाशी शेणाचा गोळा घेऊन उकिडवी बसली होती. तेवढ्यात आतून तारा म्हणाली, "त्यांना येऊं दे आत. मला दिसतंय हितं काय ता." त्या घरात सुनेचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

जनाकाकी उठली. शेगडीकडे बोट दाखवून म्हणाली, "हातपाय शेकून जा, बाय. बाहेरचा वारा आत नेव नको."

मी निखाऱ्यांवर हात धरले, पाय धरले आणि आत गेले. खोली काळोखी, धुरी आणि ओव्याच्या वासानं भरलेली. कोपऱ्यात नव्या भाताची कणगी. बाजेवर तारा, तिच्या कुशीत फडक्यात गुंडाळलेलं मूठभर तान्हं. तिच्या उशाशी, भिंतीत, छपरापासून जमिनीपर्यंत एक काळी रेघ होती. मी चुना कालवून तिथं साक्ष लावली. तारा डोळे मोठे करून बघत होती. काच कशाला, असं तिनं हळूच विचारलं. मी म्हटलं, भिंत हलली तर आपल्याला कळावं म्हणून. त्यानंतर, मला वाटतं, ती रात्रंदिवस त्या काचेकडेच बघत राहिली.

यांनी पाटावर पाय ठेवून पडल्या पडल्या माझ्या मापांवरून भेगा कागदावर काढल्या. भेगा सरळ नव्हत्या, वळत होत्या. एक अंगणाकडून, एक गोठ्याकडून, जणू एकमेकींना शोधत. हे म्हणाले, अशा वळणाऱ्या भेगा मिळून गोल पुरा झाला की मधलं सगळं खाली जातं. गोलाचा जो तुकडा अजून मिळायचा राहिला होता तो त्या मागच्या खोलीत होता.

पालकरांचं म्हणणं, नकाशाप्रमाणे बोगदा घरांच्या अलीकडेच संपतो. भेगा पावसाळ्यातल्या असतील. तो नकाशा खरा की खोटा हे ठरवायला यांना आत जाणं भाग होतं आणि ते तर जाग्यावरून उठू शकत नव्हते.

त्याचा उलगडा महादूनंच केला, तोही सहज. यांना बंगल्याच्या ओट्यावर बसवायला तो मदतीला आला होता. हे त्याला विचारत होते, खाली काम कसं असतं, कोंदटतं का. महादू हसून म्हणाला, "आवस वर भात कांडते ना, साहेब, त्याचा आवाज खाली येतो. धप, धप. म्हंजे घरी सगला बरा हाय, असा कलता मला."

आईच्या कांडणाचा आवाज खाली येतो, म्हणजे बोगदा घराखाली गेलेला आहे; यांनी त्याला परत तेच सांगायला लावलं. मग खाली आता कोणतं काम चाललं आहे ते विचारलं. महादूनं सांगितलं की पुढचा कोळसा संपला, आता मागे सरत सरत मधे सोडलेले कोळशाचे खांब काढतात, लाकडी टेकूही काढून घेतात. बोलता बोलता त्याचं हसू गेलं. त्यानं पऱ्यापलीकडच्या आपल्या घराकडे पाहिलं, मग आमच्याकडे.  

अवकाळी

हे ऐकल्यावर पालकरांनी मुंबईला तार केली. माणूस तार घेऊन रत्नागिरीला गेला. उत्तर येईपर्यंत काम थांबवा, असं हे म्हणत होते. उत्तर आल्याशिवाय थांबवता येत नाही, असं पालकर. ते वाईट नव्हते. पण खांब काढायचं काम त्यांनी चालूच ठेवलं. एका बाईनं टेपनं घेतलेल्या मापांवर खाण बंद केली म्हणून शेठजींना काय सांगू, असं ते एकदा बोलून गेले आणि लगेच माझी माफी मागू लागले.

त्याच दिवशी सड्यावर ढग उतरले. कार्तिकात पाऊस नको असतो. झोडणी उरलेल्यांची उडव्या, म्हणजे कापलेल्या भाताचे ढीग, झाकायची धावपळ उडाली. पाऊस थोडाच पडला, पण सगळं पाणी उतारानं आलं आणि त्या भेगांत शिरलं. अंगणातल्या भेगेत पाणी आवाज न करता जात होतं आणि भरत मात्र नव्हतं. सकाळी अंगणातल्या सगळ्या साक्षी तडकलेल्या होत्या. गोठ्यामागची पट्टी तर दोन तुकडे होऊन वेगळी पडली होती, मधे बोट जाईल एवढं अंतर. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. पाण्याला आलेल्या बायका कळशा तशाच घेऊन उभ्या होत्या. 

खोलीतली साक्ष तेवढी शाबूत होती.

मी जनाकाकीला विनवलं. बंगल्यातली आमची खोली खडकावर आहे, तिथं ताराला आणि मुलीला न्या. ती ऐकून घेत होती आणि सुपात तांदूळ पाखडत होती. शेवटी तिनं सूप खाली ठेवलं. मागच्या खेपेला तारा माहेरी बाळंत झाली, तिकडे पटकीची साथ आली, तीत तिची आई गेली, म्हणून मूल कच्चं असतानाच त्याला खाडीतून होडीनं इकडे आणलं. जनाकाकीनंच आणवलं. तिनं ते मला सांगितलं तेव्हा तिचा मोठा आवाज कुठच्या कुठे गेला होता.

"सहावीची रात पन नाय दिसली त्याला," ती म्हणाली. "वारा लागला. आता परत मी हलवूची नाय. भित पडली तर माज्यावर पडूं दे."

 मी बंगल्यावर परत आले आणि यांना सांगितलं.  हे म्हणाले, ती घरातल्यांना हलवत नसेल तर आपण निदान खालची माणसं थांबवू.

त्यांनी दोघा गड्यांना हाक मारली, स्वतःला खुर्चीसकट उचलायला लावलं आणि पऱ्याकाठी नेऊन खुर्ची बोगद्याच्या तोंडातच ठेवायला सांगितली. बांधलेला पाय समोर एका पेटीवर. बोगदा अरुंद, यांना ओलांडल्याशिवाय कुणाला आत जाता येईना. कामाला आलेले लोक आधी हसले, मग कुरकुरू लागले. त्यांचा रोज बुडत होता, आणि परक्या मुलखातून आलेला एक लंगडा माणूस त्यांच्या वाटेत बसला होता. एकजण म्हणाला, खाण बंद झाली तर तुम्ही जाल चांद्याला, आम्ही कुठं जावं? हे खुर्चीतून हलले नाहीत. पालकर छत्री घेऊन आले, बाजूला उभे राहिले आणि त्यांना उठा म्हणाले नाहीत. मला वाटतं, कुणीतरी हे करावं अशी ते वाटच पाहत होते.

खोली

मी तिथून सरळ जनाकाकीकडे गेले. हातपाय शेकले आणि ताराच्या खोलीत जाऊन बसले. आता मला कुणी अडवलं नाही. जनाकाकी दारात पाठ टेकून बसली होती. तारानं मुलीला पाजायला घेतलं होतं. ती मला विचारत होती, आगगाडी कशी असते, तिच्यात निजता येतं का. मी सांगत होते आणि माझे डोळे काचेवर होते.

चट् असा लहानसा आवाज झाला. तवा तापल्यावर होतो तेवढाच. काचेवर मधोमध तिरकी रेघ उमटली. वरून मातीची बारीक धार ताराच्या केसांवर पडली आणि थांबली.

तारानं मुलीच्या तोंडावर पदर घेतला. मी जनाकाकीकडे पाहिलं. तिनं काच पाहिली, सुनेकडे पाहिलं, मग मांडीवर हात टेकून उठली. मला वाटलं, ती पुन्हा नाहीच म्हणणार.

"खोली हलवूची तर सगली हलवूची," ती म्हणाली. "आग सुद्धा."

मी पळाले. पऱ्याकडे उतरताना दोनदा घसरले, लुगडं चिखलानं भरलं. बोगद्याच्या तोंडाशी भांडण अजून चालूच होतं. मी एवढंच म्हटलं, आतली काच तडकली. महादूनं हातातली पहार टाकली आणि तो धावत सुटला. त्याच्यामागे, मघापर्यंत यांच्यावर ओरडणारे ते सगळे.

त्यांनी बाज तशीच उचलली, तारा आणि तान्ह्यासकट, वरून घोंगडी घालून. पण निघाली सर्वांत पुढे जनाकाकी. दोन्ही हातांत फडक्यानं धरलेली शेगडी, तिच्यात लाल निखारे, वर ओवा टाकलेला. वाऱ्याकडे पाठ करून ती उलटी, तिरकी चालत होती, धूर बाजेवर जाईल अशी. बाजेच्या दोन्ही अंगांनी बायका पदर पसरून आडोसा धरत होत्या. मीही एका बाजूला होते. जनाकाकीनं मला पाहिलं आणि दूर हो म्हणाली नाही. पऱ्यातून जाताना तिचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते, शेगडी छातीपर्यंत वर धरलेली, आणि ती तोंडातल्या तोंडात एकसारखं काहीतरी पुटपुटत होती. मी जवळ होते म्हणून ऐकू आलं. ती कुळदेवीची नव्हे, वाऱ्याची विनवणी करत होती: थांब, बाबा, जरा थांब.

आमच्या खोलीत बाज ठेवली, खिडक्यांना घोंगड्या लावल्या, शेगडी उशाशी ठेवली. मुलगी झोपलेलीच होती. जनाकाकीनं तिच्या तळपायांना हात लावून पाहिलं. ते ऊन होते. तेव्हा कुठे ती खाली बसली आणि तिचे हात मी पाहिले. फडक्यातूनही तळवे भाजून लाल झाले होते.

महादू आणि आणखी दोघं गुरं सोडायला मागे गेले होते. भाताची कणगीही काढावी असं त्यांच्या मनात होतं, पण अजून बोगद्याच्या तोंडाशीच बसलेल्या यांनी खुर्चीतून ओरडून त्यांना परत बोलावलं. दुपार कलली होती. मी आणि पालकर बंगल्याच्या ओट्यावर उभे होतो. पलीकडून भाताचं भरलेलं पोतं लांब कुठेतरी टाकावं तसा बोथट आवाज आला. पायाखालचा खडक हलला नाही. समोरच्या घराच्या मागच्या निम्म्या छपराची कौलं एकामागून एक आत ओघळली आणि लाल धूळ उठली. धूळ बसल्यावर पाहिलं तर मागची खोली आणि गोठा नव्हता. परसातला मोठा फणस उभाच्या उभा खाली गेला होता आणि त्याचा हिरवा शेंडा तेवढा जमिनीबरोबर दिसत होता, जसं काही तिथं एखादं ठेंगणं झुडूप लावलेलं असावं. बोगद्याच्या तोंडातून वाऱ्याचा लोट आला आणि यांची टोपी उडाली.

सगळी माणसं बाहेर होती. पुन्हा पुन्हा मोजली, तरी सगळी होती.

महादू पऱ्यात खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. जनाकाकी ओट्यावर आली, तिनं पाहिलं, आणि "माजा भात गेला," एवढंच म्हणून आत परतली. वर्षाचा तांदूळ त्या कणगीत होता.

मुंबईचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पुढील हुकुमापर्यंत काम बंद ठेवावं, असं त्यात होतं.

परतीच्या वाटेवर

त्यानंतर आम्ही थोडे दिवस राहिलो. हे वाडीतल्या बाकीच्या घरांची मापं मला घ्यायला लावत होते. आणखी दोन घरं सोडायला सांगावं लागलं. ती माणसं मुकाट्यानं गेली. पण खाण आता बहुधा चालू होणार नव्हती, आणि काही जण आम्हांला पाहून मान फिरवत. डोंगर आम्हीच फोडला असं त्यांच्या नजरेत असे. त्यांना बोल कसा लावावा?

मुलीचं बारसं आमच्याच खोलीत झालं. आमच्याकडे बारशाला घुगऱ्या, तशा इथेही. पाळणा कुणाचा तरी मागून आणला होता. ओट्या भरताना जनाकाकीनं माझ्याकडे आधी पाहिलंच नाही. मग एकदम उठली, मुलीला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवून चुलीकडे निघून गेली.  तारा हसली. मुलगी ओव्याच्या धुराचा वास येणारी, गरम आणि अगदी हलकी होती. मी तिला किती वेळ घेऊन बसले ते मला सांगता येणार नाही.

निघायच्या दिवशी महादू आमच्याबरोबर गाडीत होता. त्याच्या चुलतभावानं त्याला गिरणीत लावायचं कबूल केलं होतं. जे टाळण्यासाठी तो खाणीत उतरला तेच आता त्याच्या वाट्याला आलं होतं. ताराचा निरोप त्यानं कसा घेतला ते मी पाहिलं नाही. गाडीत बसल्यापासून तो मागे वळला नव्हता.

चढ संपून गाडी सड्यावर आली तेव्हा कडेच्या कातळावर जनाकाकी उभी दिसली. आमच्या आधीच ती पायवाटेनं वर आली होती. भाजलेल्या हातांना चिंध्या गुंडाळलेल्या, आणि त्या हातांनी तिनं एक लोखंडी पहार धरली होती. ती कातळावर पहार आपटायची, वाकून ऐकायची, दोन पावलं पुढे जाऊन परत आपटायची. गाडी पाहून तिनं हात वर केला. आम्ही थांबलो.

सड्यावर कुणी घर बांधत नाही. पाणी नाही, सावली नाही, पावसाळ्यात वारा उभं राहू देत नाही. गाडीवान तसं तिला म्हणालाही. तिनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती गाडीच्या कडेशी येऊन यांना म्हणाली, "साहेब, हितं बांदू?"

इतक्या वर्षांत यांनी माप घेतल्याशिवाय कधी कुणाला हो म्हटलेलं मी ऐकलं नाही. हे कोपरावर उठून बसले, कातळाकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं.

"बांधा," हे म्हणाले.

तिनं मान हलवली, महादूच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि ती परत कातळाकडे वळली. गाडी पुढे निघाली. बऱ्याच अंतरापर्यंत मागून पहारेचे ठोके ऐकू येत होते. मी यांना हळूच विचारलं, न मोजता कसं सांगितलंत?

"तिथं खाली कुणी खणलेलं नाही," हे म्हणाले.

महादू बैलांच्या पाठींकडे पाहत होता. "आजून नाय," तो म्हणाला.